पावावरचा घुमट

घरी पाव भाजणारी मंडळी हल्ली ओव्हनमध्ये मातीचे किंवा बिडाचे जे घुमटाकार झाकण ठेवतात, आणि ज्यास फ्रेंच वळणाने ‘क्लॉश’ म्हणण्याचा प्रघात आहे, त्याचे कुळ शोधू लागल्यास थेट रोमन प्रजासत्ताकाच्या काळापर्यंत जावे लागते. इ. स. पू. 160 च्या सुमारास थोरल्या केटोने शेतीच्या कारभारावर जो ग्रंथ रचला, त्यात द्राक्षमळ्यांची निगा आणि गुलामांचा शिधा यांच्या पंक्तीस पावाचीही कृती आहे: हात व खल स्वच्छ धुवावे, पिठात पाणी थोडेथोडे घालीत ते उत्तम मळावे, आकार द्यावा आणि ‘तेस्तुम’खाली भाजावे. पाककृतीपेक्षा लष्करी हुकूमच शोभावा, असा हा मजकूर आहे.

तेस्तुम म्हणजे भाजक्या मातीचा घुमट. चुलवणाची फरशी तापली की निखारे बाजूस सारावयाचे, राख झाडून त्या जागी कणकेचा गोळा ठेवावयाचा, त्यावर घुमट पालथा घालून तेच निखारे त्याच्या पाठीवर रचावयाचे. आणि ते घसरू नयेत म्हणून घुमटाला बाहेरून मातीची आडवी कड काढलेली असे, जी उत्खननात मिळालेल्या खापरांवर आजही बोटाने चाचपता येते. विटांची भट्टी तापवावयास जळण फार लागे आणि तो खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हे. मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाशी युद्ध जुंपेपर्यंत, म्हणजे इ. स. पू. 171 पर्यंत, रोममध्ये धंदेवाईक भटारी नव्हते आणि पाव घरच्या स्त्रियाच करीत, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे.

साम्राज्य लयास गेले, पण युक्ती टिकली. बाल्कन मुलखात ती अद्याप नांदते; डाल्मेशियात ‘पेका’ आणि बोस्नियात ‘साच’ या नावांनी हा घुमट ओळखला जातो. 1707 साली इंग्लंडात अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याची सनद मिळविली आणि निखारे पेलणारे झाकण गरिबाच्याही घरी आले. आयर्लंडात झाकणावर पीटचे निखारे ठेवून पाव भाजीत. आपल्याकडे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे भानोले किंवा घरगुती नानखटाई ‘वर-खाली निखारे’ ठेवून होत असे, त्यातले मर्म हेच. फक्त तेथे पावाचा संबंध नव्हता.

येथवर घुमटाची चाकरी विस्तव वर चढविण्याची होती. घरोघर गॅसचे व विजेचे ओव्हन आल्यावर ती संपली, आणि न्यायाने त्यास सेवानिवृत्त व्हावयास हवे होते. परंतु गॅसच्या ओव्हनमधून वाफ निसटून जाते, पावाचा पृष्ठभाग अकाली सुकतो आणि आतला वायू फुगू पाहत असताना कवच त्यास आवळून धरते. वाफ कोंडली, तर पृष्ठभाग मऊ राहतो, पाव पुरता फुगतो आणि वरचे पिष्ट शिजून पुढे त्याची चकचकीत, कुरकुरीत साल होते. भटाऱ्यांच्या बंदिस्त भट्टीत अनेक पावांचा ओलावाच हे काम करी. व्हिएन्नाच्या भट्ट्यांत तर वाफेची मुद्दाम तजवीज असे आणि ऑगस्ट झांगने 1830 च्या दशकाअखेर ती पॅरिसला नेली. घरात पाव एकच. त्याची तुटपुंजी वाफ अडवावी कशी? उत्तर फडताळातच होते. एलिझाबेथ डेव्हिड या साक्षेपी लेखिकेने 1977 साली इंग्रजी पावावरील आपल्या ग्रंथात पालथ्या भांड्याखालच्या भाजणीची दखल घेतली. पुढे 2006 साली न्यूयॉर्कचा भटारी जिम लेही याची न मळता, तापल्या जड भांड्यात झाकून भाजलेल्या पावाची रीत वृत्तपत्रातून सर्वत्र पसरली.

मात्र नव्या चाकरीत एक फरक पडला. निखाऱ्यांनी तापलेला जुना घुमट वरून स्वतःच भाजीत असे, त्यामुळे साल त्याच्याखालीच तांबूस होई. आजच्या घुमटाखाली ओलावा असेतो पाव फिकाच राहतो, म्हणून अर्ध्या तासाने झाकण काढून पुढे पंधरा ते तीस मिनिटे तो उघड्यावर भाजावा लागतो.