हाड कोणाचं? लोणावळ्यापर्यंतचा एक प्रवास

लोणावळा म्हटलं की चिक्की, धुकं आणि कैवल्यधाम आठवतं. आज आम्ही याच गावातल्या एका प्रयोगशाळेविषयी बोलणार आहोत. पण थोडा वळसा घेऊन.

१६६८ साली छापलेल्या डच शल्यवैद्य व्हान मेकरेन यांच्या ग्रंथात एक हकीकत आहे. एका जखमी माणसाच्या कवटीत कुत्र्याचं हाड बसवलं. जखम भरली, पण चर्चनं त्याला वाळीत टाकलं. तो म्हणाला, हाड काढा. तोवर ते पक्कं जुळलं होतं! आम्ही तत्त्वज्ञानवाले इथेच अडतो: शरीरात रुजलेलं ते परकं कसं?

पुण्याचं उत्तर वेगळं होतं. गाडीवान कावसजीचं कापलेलं नाक त्याच्याच कपाळाच्या कातडीतून घडवलं गेलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकानं ते छापलं. आपलं ते आपल्याला मानवतं. हाडांचे शल्यविशारदही मग रुग्णाच्याच कमरेचं हाड घेऊ लागले. पण त्यात दुसरी जखम होते, आणि हाड मिळतं ते मोजकंच.

मग प्रश्न बदलला: हाड हलवण्याऐवजी घडवता येईल का? १९६५ मध्ये अमेरिकेत युरिस्ट यांनी क्षार काढलेलं निर्जीव हाड स्नायूत ठेवलं. तिथे नवं हाड धरलं. मॉस्कोत फ्रीडेनस्टाइन यांनी अस्थिमज्जेतल्या हाड घडवणाऱ्या पेशी दाखवल्या. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अशा पेशी सच्छिद्र सिरॅमिक साच्यावर पेरून तीन रुग्णांची मोठी हाडं सांधल्याचं नोंदवलं.

आता लोणावळा. रिग्रो बायोसायन्सेसच्या इथल्या प्रयोगशाळेत रुग्णाच्याच मज्जेतून अस्थिपेशी वाढवतात. रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोल मरू लागतो, त्या आजारासाठी या उपचाराला २०१७ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. लक्षात घ्या, इथे अख्खं हाड बनत नाही. पेशी सोडायच्या, हाड शरीरानंच घडवायचं.

२०२१ मध्ये कोविडकाळात स्टेरॉइड घेतलेल्या तरुणांत मुंबईच्या डॉक्टरांना हाच आजार दिसला. चाळिशीच्या आत सांधा बदलायचा की वाचवायचा, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न. गोल एकदा खचला की बहुधा सांधाच बदलावा लागतो. म्हणून वेळ महत्त्वाची.

‘स्टेम सेल’ची पाटी मात्र कुणीही लावतो. तेव्हा विचारा: पेशी कोणाच्या, वाढवल्या कुठे, मान्यता नेमक्या कोणत्या आजाराला? आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवलं. दवाखान्यातही ती सवय सोडू नका.