पुसलेली राणी आणि आईचं लुगडं

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एका साहित्यमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडं आईवरचा लेख मागितला होता, सोबत तिचा फोटो. मी पाठवला. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. "कविराज, दुसरा एखादा फोटो नाही का? यात त्या मुसलमान वाटत नाहीत हो!" माणूस वाईट नव्हता. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आणि मला आमच्याच गावचं एक पुस्तक आठवलं.

मी सावेडीचा. आमचं अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, ही निजामशाहीची राजधानी. ही शाही १४९० मध्ये मलिक अहमदनं उभी केली. त्याचा बाप पाथरीच्या कुलकर्णी ब्राह्मण घराण्यातला, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. याच घराण्यातला हुसेन निजामशहा १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत होता आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीनं फार्सीत 'तारीफ-इ-हुसेनशाही' रचली. तिची सचित्र पोथी आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातली बारा चित्रं शिल्लक आहेत.

या चित्रांतल्या बायकांचे कपडे नीट बघावेत. अंगात चोळी, पाठीवर लांब वेणी, वेणीच्या टोकाला गोंडा. जाणकार सांगतात, ही उत्तरेची तऱ्हा. पण कमरेखालून अंगाभोवती फिरवलेलं लांब उपरणं दक्षिणेचं. तसलंच लेपाक्षीच्या देवळातल्या भित्तिचित्रांत दिसतं. तालिकोटला ज्या विजयनगरशी निजामशहा लढला, त्या विजयनगरचं हे देऊळ! सैन्यं एकमेकांवर चालून जात होती आणि इकडं नगरचा चितारी शत्रूच्या मुलखातली नेसण आपल्या बायकांना नेसवत होता. त्याला ती परकी वाटली नसावी.

एका चित्रात तर कमालच आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शानं झाड फुलून आलंय. हा आपला संस्कृत काव्यातला दोहद. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र'मध्ये मालविकेच्या लाथेनं अशोक फुलतो, तोच संकेत. शब्द फार्सी, झाड संस्कृत, चोळी उत्तरेची, उपरणं दक्षिणेचं. कवी आणि चितारी शेजारी बसून काम करत होते की नाही, कोण जाणे; पान मात्र दोघांचं मिळून झालंय. मी मराठीत गझल लिहितो, तेव्हा लोक कौतुकानं विचारतात, हे कसं जमतं? नगरला साडेचारशे वर्षांपूर्वीच जमलं होतं, एवढंच मी सांगतो.

या पोथीत हुसेनशहाची राणी खुंजा हुमायूनही आहे, चांदबिबीची आई. नवऱ्यामागं मुलगा मुर्तजा लहान म्हणून कारभार तिनं चालवला. पुढं त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. पोथीत राजाशेजारी बसलेल्या तिच्या आकृत्या नंतर कुणीतरी पुसून टाकल्या, रंग फासला. राजा बसलाय, शेजारी डाग. तिचा पेहराव कुणाला खुपला नव्हता. तिचं तिथं असणं खुपलं होतं.

आईचं ते लुगडं नगरचंच, एका पद्मशाली विणकराच्या मागावरचं. घरात तेलुगू बोलणारा तो माणूस आईशी मराठीत बोलायचा, आई त्याला दखनीत उत्तर द्यायची. भाव मात्र दोघांना बरोबर कळायचा.

मी दुसरा फोटो पाठवला नाही. स्मरणिका आली, तेव्हा लेखाशेजारी गुलाबाचं फूल छापलं होतं.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात तिनं हट्ट धरला, आजीच्या लुगड्याचे काठ शराऱ्याला लावायचे. शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या मावशींनी लुगडं उलगडून पाहिलं, पण दोन दिवस कात्री लावेनात. "दादा, भरल्या लुगड्याला मी नाही हात लावणार," म्हणाल्या. शेवटी कात्री मीच घेतली. काठ तेवढे कापले, ते मावशींनी शिवले. पदर तसाच ठेवलाय.