तलंग अंड्यावर केव्हा येते?

पावसाळ्याच्या तोंडावर बाजारातून आणलेली पिल्ले दिवाळीपर्यंत अंगाने भरतात आणि घरातील मंडळींचे डोळे खुराड्याकडे लागतात. दाणा रोज संपतो, अंडे मात्र दिसत नाही. आणखी महिनाभर वाट पाहून 'ही काही अंडी देणारी नव्हे' असा निर्णय होतो आणि चांगली तलंग विकली तरी जाते किंवा सुरीखाली तरी येते. बहुतेक वेळा तिचा दोष एवढाच असतो की, तिची वेळ अजून आलेली नसते.

पहिले अंडे देण्याचे वय प्रथम जातीवर ठरते. केवळ अंड्यांसाठी विकसित केलेली व्हाइट लेगहॉर्न १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. ऱ्होड आयलंड रेडला साधारणतः २० ते २४ आठवडे लागतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रात विकसित झालेली वनराजा किंवा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातील गिरिराजा या परसबागेसाठीच्या जाती साडेपाच ते सहा महिने घेतात. गावरान कोंबडी आणि कडकनाथ यांना सहा महिने, प्रसंगी सातही लागतात. त्यामुळे शेजारच्या लेगहॉर्नशी आपल्या गावरान तलंगेची तुलना करणे व्यर्थ आहे.

शरीराची तयारी

कोंबडीचे केवळ डावे अंडाशय कार्यरत असते. वयात येताना त्यातील बलक मोठे होऊ लागतात, अंडनलिका वाढते आणि लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा तयार होतो. एका अंड्याच्या कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. एवढे कॅल्शियम रोजच्या दाण्यातून वेळेवर मिळतेच असे नाही. उणीव हाडांतील साठा भरून काढतो. अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात आणि त्यातील जवळजवळ २० तास कवच चढण्यात जातात. अंडे रोज थोडे उशिरा पडत जाते आणि मध्येच एखादा दिवस रिकामा जातो, तो यामुळेच.

तांबडे फुटण्याचा हिशेब

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे म्हणतात. तलंगेच्या बाबतीत मात्र तांबडे केव्हा फुटते आणि दिवस केव्हा मावळतो, याला मोठे महत्त्व आहे. पक्ष्याच्या कवटीतून आत शिरणारा प्रकाश मेंदूतील पेशींना जाणवतो आणि त्यावरून प्रजननाची संप्रेरके स्रवू लागतात. लांबत जाणारा दिवस अंड्यांना पोषक ठरतो, आखडत जाणारा मारक. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. जूनमध्ये जन्मलेले पिल्लू सहा महिन्यांचे होते, ते नेमके वर्षातील सर्वांत लहान दिवसांत. अशी तलंग संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागल्यावर अंड्यावर आली, तर त्यात नवल नाही.

खुराड्यात दिवा लावून दिवस लांबविता येतो. पण घाई नडते. अंगाने न भरलेल्या तलंगेला लवकर अंड्यावर आणले, तर अंडी बारीक राहतात आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. इतर कोंबड्या त्या जागी टोचू लागल्यास पक्षी दगावतो. गावरान तलंग किमान पाच महिन्यांची झाल्यावर, दर आठवड्यास अर्धा तास या गतीने एकूण प्रकाश १४ तासांपर्यंत न्यावा. दिवा पहाटे लावणे श्रेयस्कर. सायंकाळी तो एकाएकी विझला, तर कोंबड्यांना बसण्याची जागा सापडत नाही.

खाद्याचेही तसेच आहे. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, वाढत्या पक्ष्यांच्या खाद्यात सुमारे एक टक्का. पहिले खाद्य महिनोन्‌महिने आधी सुरू केल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. तुरा लाल होऊ लागला वा पहिले अंडे दिसले, की बदल करावा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

खुणा कोणत्या?

फिकट तुरा व गलोल लालभडक होतात. तलंग कोपरे धुंडाळते, पेंढा उकरते, पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून खाली बसते. शेपटीखालील दोन हाडांमध्ये दोन बोटे मावू लागली, की अंडे दूर नाही, असे समजावे. आडोशाला फूटभर लांबी-रुंदीचे खोके पेंढा घालून ठेवावे. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लांसाठी.

पहिली अंडी लहान, कधी मऊ कवचाची, कधी दोन बलकांची असतात. कवचावर रक्ताची पुसट रेघही दिसते. काही आठवड्यांत हे सारे सुरळीत होते. मात्र कोंबडी शेपटी पाडून, फुगून बसली आणि कुंथूनही अंडे पडत नसेल, तर ते अडकले असण्याची शक्यता असते. अशा वेळी पशुवैद्यकाकडे नेण्यास विलंब करू नये.

आठ महिने उलटूनही अंडे नसेल, तर प्रथम झुडपांत व अडगळीत शोध घ्यावा. मोकळी कोंबडी अंडी लपविते. त्यानंतर जंत, उवा, निकृष्ट खाद्य किंवा अतिरिक्त चरबी ही कारणे तपासावीत. पिल्ले घेताना त्यांची जात विचारून घ्यावी आणि जन्मतारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर टिपून ठेवावी. 'ही अंडी देणारी नव्हे' असे म्हणण्यापूर्वी ती एकदा पाहिली, तर अनेक तलंगांचा जीव वाचेल.