जुनं द्या, नवं घ्या: बोहारीण ते ग्राफिक्स कार्ड

जुनी वस्तू द्यायची, वर थोडे पैसे घालायचे आणि नवी घ्यायची, हा व्यवहार आपल्याकडे संगणकापेक्षा कैक पिढ्या जुना आहे. आमच्या तीर्थपुरीत (तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, समर्थ रामदासांचं जांब याच तालुक्यातलं) बोहारीण दारात बसायची. चार लुगडी, दोन शर्ट, आणि बदल्यात एक स्टीलचा डबा. आई म्हणणार पातेलं दे, ती म्हणणार एक पँट अजून काढा वैनी. तासभर घासाघीस! तांब्या-पितळेचं त्याहून सरळ. फुटका हंडा दुकानात न्यायचा, मोडीच्या भावाने वजन व्हायचं, घट वजा, नव्याची घडणावळ अधिक, झालं. दोन्हीकडे जुन्याचा भाव आपल्या डोळ्यांदेखत ठरायचा.

हे बदललं ते १९९०च्या दशकात. अकाई हे नाव आठवतंय का? नाव जपानी, भारतात विकायची बॅरन इंटरनॅशनल ही कंपनी. जुना टीव्ही द्या आणि इतके हजार कमी भरून नवा रंगीत न्या, अशा जाहिरातींनी तेव्हा पेपरची पानं भरलेली असत. जुना संच कुठल्या अवस्थेत आहे याला फारसं महत्त्व नव्हतं. आता बघा, वस्तू न तपासता जो भाव मिळतो तो त्या वस्तूचा भाव नसतोच. ती नव्याच्या छापील किमतीतली सूट असते, फक्त जुन्याच्या नावावर लिहिलेली. अर्थात सूट ती सूट, घेणाऱ्यांनी आनंदाने घेतली.

आता ग्राफिक्स कार्डाकडे वळू. इथे कार्ड बनवणाऱ्या कंपनीनेच चालवलेली सगळ्यात गाजलेली योजना म्हणजे ईव्हीजीए या अमेरिकन कंपनीची ‘स्टेप-अप’. नियम साधा होता. कार्ड घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत त्याहून भारी कार्ड हवं असेल तर तुमच्या बिलावरची रक्कम पूर्ण धरली जायची आणि तुम्ही फक्त फरक भरायचा. पाठवणावळ तुमची. ना मोडीचा भाव, ना घट! समजा २०० डॉलरचं कार्ड घेतलं आणि ८० दिवसांनी ३०० चं आलं. जुनं बाजारात विकलं असतं तर फार तर दीडशे मिळाले असते. इथे पूर्ण २०० मिळाले, म्हणजे पाठवणावळ वजा जाता पन्नासेक डॉलर वाचले. अकाईच्या योजनेपेक्षा हा हिशेब कितीतरी स्वच्छ.

पण खरी मेख त्या ९० दिवसांत आहे. एनव्हिडियाची मोठी कार्डं पाहा: जीफोर्स ७८०० जून २००५ मध्ये आलं, ७९०० मार्च २००६ मध्ये, ८८०० नोव्हेंबर २००६ मध्ये. आठ-नऊ महिन्यांचं अंतर. म्हणजे डोळे मिटून कधीही कार्ड घेतलं तरी तीन महिन्यांत नवं येण्याची शक्यता साधारण तीनात एक. पुढे आरटीएक्स २० मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये, ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये. आता अंतर दोन वर्षांचं झालं आणि शक्यता आठात एक. (मधली ‘सुपर’, ‘टीआय’ वगैरे सोडून देतोय; ती धरली तर थोडी वाढेल.) योजनेतला शब्दही न बदलता तिची किंमत निम्म्याहून खाली आली, आणि हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

ज्यांचा योग जुळला त्यांचं तरी काय झालं? २०२० मध्ये ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० जाहीर झालं आणि दुकानांत मिळेचना. स्टेप-अपवाल्यांना महिनोन्‌महिने रांगेत थांबावं लागलं. तरीही गंमत अशी की बाजारात तेच कार्ड दुप्पट भावाने जात असताना रांगेतल्याला मूळ किमतीत मिळत होतं. म्हणजे ज्याला घाई नव्हती त्याचीच चांदी!

आणि कंपनी राहील याची खात्री काय? अशीच योजना चालवणारी बीएफजी २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातून बाहेर पडली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं, ग्राफिक्स कार्डांची ती मागणी संपली, आणि दुसऱ्याच दिवशी ईव्हीजीएने एनव्हिडियाची साथ सोडल्याचं जगाला कळलं. त्यानंतर त्यांनी नव्या पिढीचं कार्ड काढलं नाही. तेव्हा अशा योजनेसाठी म्हणून चार पैसे जास्त मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आयती मिळाली आणि नवं कार्ड तोंडावर असेल, तरच तिचा उपयोग.

आपल्याकडे तर तोही प्रश्न नव्हता, कारण स्टेप-अप भारतात नव्हतीच. इथे जुन्या फोनवर, लॅपटॉपवर दुकानदार एक्स्चेंज देतात, पण ते बरंचसं अकाईच्या वळणाचं.

तीर्थपुरीतला माझा पुतण्या ब्लेंडर शिकतोय आणि त्याला आठ जीबीचं कार्ड कमी पडतंय. एक्स्चेंज मिळेल का, असं विचारत होता. एका दुकानदाराने जुन्याचे जे पैसे सांगितले ते ऐकून मला बोहारणीची आठवण आली. ती निदान घासाघीस करू द्यायची. त्याला म्हटलं, आधी एक्स्चेंजशिवाय नव्याचा रोख भाव विचार, त्यातून एक्स्चेंजचा भाव वजा कर. जो आकडा उरेल तेवढीच तुझ्या जुन्या कार्डाची किंमत ते देतायत. मग छत्रपती संभाजीनगरात कुणी थेट गिऱ्हाईक मिळतंय का बघ, येताना कार्ड चालवून दाखवता येईल असा संगणक ठेव, आणि मूळ बिल शोध.

बिल सापडलंय म्हणे. खोकं मात्र वहिनींनी कधीच रद्दीत घातलं.