सह्याद्रीचे कडे : आरोहणाचा इतिहास आणि शब्दांची साक्ष

सह्याद्रीतील प्रस्तरारोहणाचा इतिहास सामान्यतः १९५४ या सालापासून सांगितला जातो. त्या वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटची उभारणी झाली. दोर, मेखा व शास्त्रशुद्ध शिक्षण यांच्या साह्याने, केवळ चढण्याच्या आनंदासाठी कडा चढणे या अर्थी प्रस्तरारोहण घेतल्यास ही कालगणना ग्राह्य आहे. परंतु तीवरून एक अनुमान नकळत काढले जाते, ते असे की तत्पूर्वी हे कडे मनुष्याच्या हातापायांना अपरिचित होते. अमुक सुळक्यावर ‘पहिले पाऊल’ अमुक वर्षी पडले, असे विधान करताना त्याच सुळक्यावरील पाण्याच्या टाक्यांचा विसर पडतो. हे अनुमान तपासून पाहण्यास तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत : खुद्द खोदलेला कातळ, लिखित वाङ्मय आणि शब्द. यांपैकी तिसऱ्या साधनाकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

प्रथम कातळाविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण थर उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो. मऊ थर झिजून त्याची आडवी पट्टी किंवा गवताळ टप्पा बनतो. चढणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचे गुण व दोष दोन्ही आहेत. विसाव्याला टप्पे मिळतात, परंतु थरांच्या सांध्याशी दगड सुटा असतो आणि पावसाळ्यानंतर कालची खोबण आज जागेवर असेलच अशी शाश्वती नसते. हंपीचा वाटोळा ग्रॅनाइट किंवा बदामीचा तांबडा वालुकाश्म यांवर चढणाऱ्याला जो विश्वास खडकाविषयी वाटू शकतो, तो बसॉल्टविषयी सहसा वाटत नाही.

मराठीत या भूरूपांना असलेली नावे सूक्ष्म भेद दाखवितात. ‘कडा’ हा शब्द पर्वताची बाजू या अर्थाच्या संस्कृत ‘कटक’ शब्दापासून आला. ‘सुळका’ हा ‘शूल’ या शब्दाशी जोडला जातो. ‘घळ’ आणि ‘नाळ’ यांत मात्र उपयोगाचा भेद आहे. घळ ही नुसती चीर होय. नाळ म्हणजे जिच्यातून माणूस वर-खाली जाऊ शकतो अशी उतरती चीर. लिंगाण्याजवळची ‘बोराट्याची नाळ’ आणि हरिश्चंद्रगडाची ‘नळीची वाट’ ही नावे भूरूपाबरोबर वाटही सांगतात. ज्या भाषेत दुर्गमतेला इतके शब्द आहेत, ती बोलणाऱ्यांनी कडे केवळ दुरून पाहिले असतील हे संभवत नाही. आग्या मोहोळे कड्यांच्या पोटाशी लागतात आणि त्यांचा मध काढण्यासाठी ठाकर व महादेव कोळी वेलींच्या किंवा दोरांच्या आधाराने कड्याला भिडत आले आहेत. त्यांच्या आरोहणाची नोंद कोणी ठेवली नाही, कारण ते त्यांच्या पोटाचे काम होते.

खोदकामाचा पुरावा याहून स्पष्ट आहे. नाणेघाटाची वाट सातवाहनकालीन असून तेथील लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. कान्हेरीच्या प्राकृत लेखांत ‘लेण’ आणि पाण्याच्या टाक्यासाठी ‘पोढि’ हे शब्द येतात. ‘लेण’ मराठीत ‘लेणे’ होऊन टिकला. ‘पोढि’ला मात्र ‘टाके’ या शब्दाने व्यवहारातून दूर सारले. शब्द बदलला तरी कारागिरी बदलली नाही. उभ्या कातळात पावठ्या खोदणे, हाताला धरण्यासाठी खोबणी ठेवणे आणि माथ्यावर पाणी साठविणे ही परंपरा दीड-दोन हजार वर्षे अखंड चालू राहिलेली दिसते. त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या या परंपरेचा बहुधा सर्वांत धीट नमुना होय; त्या जवळजवळ शिडीसारख्या उभ्या असून प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना बोटे रुतविण्यास खाचा आहेत. रायगडासमोरच्या लिंगाण्यावर गुहा आहे, टाकी आहेत, आणि तेथे कैदी ठेवले जात. कैदी व पहारेकरी यांची जेथे वस्ती होती, त्या जागी आधुनिक आरोहकाने ‘प्रथम’ हा शब्द वापरताना ‘या वाटेने’ किंवा ‘या पद्धतीने’ अशी पुस्ती जोडणे प्राप्त आहे.

लिखित साधनांत सर्वांत बोलका उतारा सभासदाच्या बखरीतील आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजी येथे लिहिलेल्या या बखरीत १६७० मधील सिंहगडाच्या हल्ल्याचे वर्णन येते. तानाजी मालुसऱ्याने दोन निवडक मावळे रात्री कड्यावरून वर चढविले, ते वानरांप्रमाणे चढून गेले, मग वरून त्यांनी ‘माळ’ लावली आणि तिच्यावरून इतर लोक गेले, असा त्या कथनाचा आशय आहे. येथील ‘माळ’ म्हणजे दोराची शिडी, हे संदर्भावरून उघड आहे. इतिहासकारांनी या प्रसंगातील शौर्याची चर्चा पुष्कळ केली. त्यातील तंत्राकडे फारसे कोणी पाहिले नाही. आधी कुशल अशा एक-दोघांनी वरून कोणताही आधार नसता चढावे, माथ्यावर दोर पक्का करावा आणि मागून इतरांनी त्या दोराने यावे, हाच क्रम आजचे आरोहकही पाळतात. बखरकाराने तो दोन-तीन वाक्यांत आणि कोणतेही आश्चर्य न दाखविता नोंदविला आहे. वाचकाला ही पद्धत ठाऊक आहे, असे तो गृहीत धरतो. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेतला, त्या प्रसंगावर जयराम पिंड्ये यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. तेव्हा रात्रीचे दुर्गारोहण ही त्या काळी अपवादात्मक घटना नव्हती, असे मानण्यास आधार आहे.

सभासदाच्या या कथनात घोरपड नाही, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. ‘यशवंती’ घोरपडीची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात येते आणि ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे ती सुशिक्षितांत सर्वतोमुखी झाली. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून माणसे वर गेली, ही गोष्ट प्राणिशास्त्राला मानवणारी नाही. खडकाच्या फटीत ती घट्ट बसते हे खरे असले तरी भरल्या अंगाच्या माणसाचा भार ती पेलील असे वाटत नाही. परंतु कथा खोटी म्हणून टाकून दिल्याने तिचा उगम कळत नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेनुसार हे आडनावच अशा एका आरोहणातून आले. बहमनी वजीर महमूद गवान याच्या कोकणातील मोहिमेत, म्हणजे १४७१ च्या सुमारास, या घराण्याच्या पूर्वजाने घोरपडीच्या साह्याने खेळणा किल्ला, म्हणजेच पुढचा विशाळगड, सर केला आणि त्याबद्दल त्याला हा किताब मिळाला, असे सांगतात. या परंपरेला आधार म्हणून दाखविल्या जाणाऱ्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत, तेव्हा सन आणि प्रसंग निश्चित मानता येत नाही. मात्र कड्याला चिकटून राहणाऱ्या माणसाला घोरपडीची उपमा देण्याची प्रथा सिंहगडापुरती नव्हती, एवढे यातून दिसते. उपमा हीच पुढे कथा झाली असावी. सभासदाचा ‘वानर’ उपमाच राहिला. शाहिराच्या घोरपडीला मात्र नाव, स्वभाव आणि शकुनही मिळाले.

कडा चढणाऱ्याची बाजू बखरी सांगतात, तर तो चढू न देणाऱ्याची बाजू रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आहे. किल्ल्याला लागून दुसरा डोंगर नसावा, दरवाजा एकच असणे हा दोष होय, चोरदिंड्या ठेवाव्यात, हा तेथील विचार कड्याकडे शत्रूच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याचा आहे. नैसर्गिक कडा जेथे पुरेसा उभा नव्हता तेथे तो तासून उभा केला जाई. ‘तासलेला कडा’ हा शब्दप्रयोग त्याच कामातून रूढ झाला. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका सर्वांना परिचित आहे. तिची ऐतिहासिकता सिद्ध नसली तरी, चढता-उतरता येईल अशी फट सापडली की तेथे बुरूज बांधावा, हे दुर्गरचनेचे तत्त्व त्या कथेने अचूक पकडले आहे.

१८१८ मध्ये या साऱ्याचा क्रम उलटला. पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडविल्या, कारण पुन्हा कोणी तेथे आश्रय घेऊ नये. हरिहरच्या पायऱ्या कॅप्टन ब्रिग्ज यांनी त्याच वर्षी पाहिल्या, त्यांचे वर्णन लिहून ठेवले, आणि त्या आजही शाबूत आहेत. कळसूबाईच्या रांगेतील अलंग आणि मदन हे किल्ले तितके सुदैवी ठरले नाहीत. शेजारच्या कुलंगवर आजही पायऱ्यांनी चालत जाता येते. अलंग-मदनच्या वाटेत मात्र पायऱ्या तुटून उभे कातळ उघडे पडले आहेत. नेमके तेच टप्पे आता आरोहकांची आवडती चढाईची ठिकाणे झाले आहेत. तेथे दोर लावणारा तरुण निसर्गाशी झुंजतो असे समजतो. वस्तुतः तो दोनशे वर्षांपूर्वीच्या सुरुंगाशी झुंजत असतो.

इंग्रजी अमलाने वाटांप्रमाणे नावेही बदलली, आणि येथे शब्दांचा कालनिर्णयासाठी चांगला उपयोग होतो. खंडाळ्याच्या नागफणीला ‘ड्यूक्स नोज’ म्हणतात. हे नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून पडले. त्याला ड्यूक ही पदवी १८१४ मध्ये मिळाली, तेव्हा नाव त्याआधीचे असू शकत नाही. नाणेघाटाजवळ जीवधनला लागून उभ्या असलेल्या वानरलिंगीला ‘खडा पारशी’ हे दुसरे नाव आहे. तेच नाव भायखळ्याच्या प्रसिद्ध पुतळ्याचे असून तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. सुळक्याचे हे नाव पुतळ्यावरून आले असल्यास ते मुंबई पाहिलेल्या माणसाने दिले, हे सांगावयास नको. मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला आगगाडीतून पाहणारे ‘थम्स अप’ म्हणतात. पायथ्याच्या गावाला मात्र तेथे शेंडीच दिसते. पाहण्याची जागा बदलली की उपमा बदलते.

आधुनिक आरोहकांची परिभाषा दोन टोकांना विभागलेली आहे. संस्थांच्या पत्रकांत ‘गिर्यारोहण’, ‘प्रस्तरारोहण’ असे संस्कृत समास असतात. प्रत्यक्ष कड्यावर ‘बोल्ट’, ‘बिले’, ‘रॅपल’ हे शब्द चालतात. (‘प्रस्तर’ याचा एक जुना अर्थ गवताचे अंथरूण असा आहे, ही गोष्ट आरोहकांना सहसा माहीत नसते.) ‘नाळ’, ‘खोबण’, ‘पावठी’ हे मधले शब्द दोहोंतूनही गळाले. फटीत पाठ आणि पाय टेकून वर सरकण्याच्या क्रियेला आरोहक ‘चिमणी’ म्हणतात, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

लहान शिळांवर दोराशिवाय चढण्याचा ‘बोल्डरिंग’ हा प्रकार तर सर्वस्वी नवा आहे. कान्हेरी, मुंब्रा आणि बेलापूर या मुंबईच्या परिसरातील शिळांवर आरोहकांच्या कित्येक पिढ्यांनी सराव केला, आणि २०१६ मध्ये बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा नवी मुंबईत भरली. या क्रियेला मराठी शब्द रुळला नाही, कारण दहा-पंधरा फुटांच्या धोंड्यावर चढून पुन्हा उतरावे यात पूर्वीच्या कोणालाच काही प्रयोजन दिसले नव्हते. मोठ्या कड्यांची स्थिती वेगळी आहे. तेथे प्रयोजनही होते आणि नावेही होती. ती नावे नाणेघाट, अकोले, इगतपुरी आणि महाड या भागांतील वाड्यांवरच्या वृद्धांच्या तोंडी अद्याप आहेत. नवीन वाटांना आरोहक स्वतःच्या आवडीची नावे देतात व नकाशात तीच छापली जातात. एखाद्या वाटेचे जुने नाव ‘नाळ’ होते की ‘घळ’, म्हणजे तेथून माणसे ये-जा करीत होती की नाही, हा प्रश्न नकाशा छापून झाल्यावर विचारता येणार नाही.