टाकीतला परीस

लोखंडाचे सोने करणारा परीस कुणी पाहिलेला नाही. पण तो कुठेतरी असावा, अशी आशा माणसाने कधी सोडलेली नाही. मोटार आल्यावर या आशेने नवे रूप घेतले. आता सोने नको, पेट्रोल पुरे! चिमूटभर काहीतरी टाकावे आणि लिटरमागे पाच-दहा किलोमीटर जास्त पदरात पडावेत. आपल्याकडे या परिसाने डांबरगोळीचा अवतार घेतला. कपड्यांच्या ट्रंकेतली ती पांढरी गोळी स्कूटरच्या टाकीत टाकली की गाडी ‘अ‍ॅव्हरेज’ जास्त देते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. वाचकहो, तुम्हीही ऐकलेच असेल. यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी जरा इतिहासाची पाने चाळावी लागतात, आणि ती मोठी मौजेची आहेत.

पहिले महायुद्ध चालू होते आणि पेट्रोल महाग होत होते. अशा वेळी, 1916 च्या एप्रिलमध्ये, न्यूयॉर्कजवळच्या फार्मिंगडेल गावी लुई एन्रिख्ट नावाच्या वृद्ध गृहस्थाने वार्ताहरांना घरी बोलावले. मोटारीची टाकी रिकामी असल्याची खात्री त्यांना करून दिली, बादलीभर पाण्यात एक हिरवट द्रव मिसळला, ते पाणी टाकीत ओतले, आणि मोटार खरोखरच चालू लागली! गॅलनला एक पेनी खर्च, असे त्याचे सांगणे. देशभर गवगवा झाला. हेन्री फोर्डसारख्यांचेही कान टवकारले. त्या पाण्याला कडू बदामासारखा वास येत असे. पुढे जाणकारांनी तर्क केला तो असा, की द्रवात अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसिटिलीन असावे, आणि त्यांचा वास लपवण्यासाठी बदामी वासाचे सायनाइड घातलेले असावे. म्हणजे जळत होता तो द्रवच. पाणी नुसते वऱ्हाडी! एन्रिख्टने गुपित कधी उघड केले नाही. 1922 साली मात्र इंधनाच्याच दुसऱ्या एका बनवाबनवीपायी त्याला तुरुंग पाहावा लागला.

पण मग पेट्रोलात काही मिसळून कधीच फायदा झाला नाही काय? झाला आहे. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली नावाचा अभियंता इंजिनाच्या ‘ठोक्या’मागे लागला होता. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण वेळेआधीच भडकले की इंजिनात खडखडाट होतो, तो हा ठोका. मिजलीने आयोडीन घालून पाहिले, अ‍ॅनिलीन घालून पाहिले, नाना पदार्थ चाळले. आणि 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग त्याच्या हाती लागले. गॅलनभर पेट्रोलाला चमचाभराहूनही कमी पुरे, आणि ठोका बंद!

येथे एक मेख आहे. त्या थेंबांनी पेट्रोलातली उष्णता वाढवली नव्हती. ठोक्याचे भय गेल्यामुळे मिश्रण अधिक दाबणारी नवी इंजिने बांधता आली, आणि त्या इंजिनांनी तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम काढले. ज्या जुन्या गाडीला ठोक्याचा त्रासच नव्हता, तिच्या टाकीत हे औषध ओतून एक मैलही वाढला नसता. आणि या खऱ्या परिसाची किंमत काय पडली? 1924 च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषाने दगावले. मोटारींच्या धुरातून तेच शिसे गावोगावच्या मुलांच्या रक्तात गेले. भारतात ते पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातून ते हद्दपार व्हायला 2021 उजाडले.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालल्या. गाडीच्या पाठीला उंच लोखंडी भट्टी, टपावर कोळशाची पोती. निघण्याआधी भट्टी पेटवून वाट पाहायची, आणि चढ आला की गाडीला धाप लागायची. पण तो व्यवहार चोख होता. जेवढी ताकद हवी, तेवढा कोळसा डोळ्यांदेखत भट्टीत घालावा लागे. ताकद कुठून येते, हे पोरालाही दिसत होते.

1973 सालच्या अरब-इस्राएल युद्धानंतर तेल काही महिन्यांत चौपट महागले आणि परिसाचा शोध पुन्हा जोरात सुरू झाला. आमच्या चाळीतले नाना हिशेबाचे पक्के. प्रत्येक वेळी घातलेले पेट्रोल आणि झालेले किलोमीटर ते वहीत मांडत. गोळ्या सुरू केल्यापासून त्यांच्या वहीतले आकडे खरोखरच वाढले होते. नाना खोटे बोलणारे नव्हेत. मी एकदा विचारले, “नाना, हल्ली तुम्ही गाडी जपून चालवता का?”

“अरे, म्हणजे काय! गोळ्यांवर पैसे घातलेत, तर वेग आवरायला नको? चाकांत हवासुद्धा दर आठवड्याला बघतो.”

क्षणभर थांबून नाना स्वतःच हसले. पुढचे दोन महिने त्यांनी गोळ्या बंद केल्या, बाकी पथ्य तेच ठेवले. आकडे तसेच राहिले. गुण औषधाचा नव्हता, पथ्याचा होता.

आता हिशेबच मांडू. पाच लिटर पेट्रोलाचे वजन सुमारे 3,700 ग्रॅम. चार ग्रॅमच्या पाच गोळ्या म्हणजे 20 ग्रॅम. एक किलो पेट्रोल जळून सुमारे 10,400 किलोकॅलरी उष्णता देते. गोळीतले नॅप्थलीन सुमारे 9,300, म्हणजे कमीच. गोळीतला कण न् कण सत्कारणी लागला, तरी दोनशे किलोमीटरच्या पल्ल्यात भर पडेल जेमतेम एका किलोमीटरची! तीही गोळी नॅप्थलीनची असेल तर. बाजारातल्या कित्येक गोळ्या हल्ली क्लोरीनयुक्त पदार्थाच्या असतात; त्या जळल्या की आम्लाची वाफ होते आणि इंजिनाचे आयुष्य खाते. वाचवायला जावे चार आणे, आणि मिस्त्रीला मोजावेत हजार!

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गेल्या काही दशकांत पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे आणि औषधे पारखली. थोडक्यांत अल्पसा फरक दिसला. डोळ्यांत भरेल असा लाभ एकातही सापडला नाही.

तरी माणूस आशा सोडत नाही. 1996 साली तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी वनस्पती उकळून पेट्रोल केल्याचे जाहीर केले आणि सारा देश हरखला. शास्त्रज्ञांसमोर प्रयोग झाला, तेव्हा ढवळण्याच्या पोकळ काठीत मेणाने कोंडलेले इंधन निघाले. त्यांनी विकलेले ‘पेट्रोल’ टोल्यूइन, नाफ्था अशा ज्वालाग्राही द्रवांचे मिश्रण असल्याचे तपासात दिसले; 2016 साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. एन्रिख्टचा हिरवा द्रव आणि ही काठी यांत ऐंशी वर्षांचे अंतर, पण युक्ती एकच: इंधन आत जाते, फक्त कुणाला दिसू द्यायचे नाही.

म्हणून कुणी नवा परीस घेऊन आला, की त्याला एवढेच विचारावे: “बाबा रे, तुझी भट्टी कुठे आहे, आणि कोळसा कुठला?” बाकी चाकांत हवा नीट असावी, एअर फिल्टर स्वच्छ असावा, वेग बेताचा असावा, अ‍ॅव्हरेज आपोआप मिळते. आणि डांबरगोळ्या? दिवाळीत नेसलेली पैठणी परत ठेवताना त्या ट्रंकेत टाकाव्यात. तिथे मात्र त्या अगदी खात्रीने काम करतात.