ताटापर्यंतची वाट

1972 च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी महाराष्ट्रात आली, तेव्हा पोट रिकामे असूनही पुष्कळांच्या घशाखाली ती भाकरी उतरत नव्हती. भूक निराळी आणि रुची निराळी, हे त्या पिढीला सांगावयास नको. खुद्द अमेरिकेवर तीस वर्षांपूर्वी काहीसा असाच प्रसंग आला होता.

महायुद्धात चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले; मार्च 1943 मध्ये मांसाचे रेशनिंगही सुरू झाले. गुरांचे हृदय, मूत्रपिंडे, गळ्याजवळच्या ग्रंथी हे भाग पौष्टिक खरे. पण मध्यमवर्गीय घरांत त्यांचे नाव काढताच नाके मुरडली जात. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने आहाराच्या सवयींच्या अभ्यासासाठी समिती नेमली होती. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या कार्यवाह. प्रत्यक्ष प्रयोग केला तो आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन यांनी. हिटलरशाहीमुळे 1933 मध्ये बर्लिन सोडून आलेले हे ज्यू मानसशास्त्रज्ञ.

लेविन यांनी आधी साधाच प्रश्न विचारला: अन्न ताटात येते कोठून? दुकानातून येते, परसातून येते. एकदा ते ताटात पडले की बहुधा कोणीतरी खातोच. तेव्हा खाणाऱ्याच्या जिभेपेक्षा त्या वाटेवरच्या दारात कोण उभे आहे, ते पाहावयास हवे. दारात उभी होती गृहिणी. स्वयंपाक आपल्या मर्जीने होतो असे घरधन्याला वाटत असते. (हा गैरसमज केवळ अमेरिकेतला नव्हे!)

मग रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट निवडले. एकेका गटात 13 ते 17 जणी. तीन गटांपुढे व्याख्यान झाले. त्यात युद्धकार्य आले, जीवनसत्त्वे आली, काटकसर आली. पाककृतींचे कागद वाटले. आपल्या घरी हे पदार्थ कसे आवडीने खाल्ले गेले, हेही वक्त्याबाईंनी सांगितले. उरलेल्या तीन गटांत तेवढाच वेळ चर्चा झाली. शिजताना वास सुटतो, यजमान तोंड वाकडे करतात, अशा अडचणी बायकांनी स्वतःच मांडल्या; उपाय आणि पाककृती मागाहून आल्या. शेवटी विचारले, येत्या आठवड्यात कोण करून पाहील? हात वर झाले.

पुढे चौकशी केली, तेव्हा पूर्वी कधी न केलेला असा पदार्थ व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा 3 जणींनी केला होता. चर्चा केलेल्यांपैकी शेकडा 32 जणींनी. व्याख्यानमालेत हे आकडे सांगणे वक्त्याच्या सोयीचे नाही. पण लपवणेही बरे नव्हे.

अर्थात चर्चेचाही फार डांगोरा पिटू नये. 1955 मध्ये एडिथ बेनेट यांनी या प्रयोगातले धागे सुटे करून पाहिले. त्यांचा प्रयोग स्वयंपाकाचा नव्हता, विद्यार्थ्यांवरचा होता. नुसत्या चर्चेने विशेष साधत नाही, हात जाहीरपणे वर केलाच पाहिजे असेही नाही. माणसाने स्वतः निश्चय करावा आणि बरोबरीच्या बहुतेकांचाही निश्चय तोच आहे असे त्याला दिसावे, याने फरक पडतो, असे त्यांना आढळले. आयोवातही पाककृतीच्या कागदापेक्षा शेजारच्या खुर्चीवरून वर गेलेल्या हातानेच अधिक काम केले असावे, असे मला वाटते.